बुडापेस्टला अडीच दिवस: काय कुठल्या क्रमानं करायचं आणि पोरं कुठे हमखास गंडतात

जर्मनीत शिकणाऱ्या आपल्या मराठी पोरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सेमिस्टर संपत आलं की त्यात कुणीतरी टाकतंच, "बुडापेस्ट स्वस्त आहे ना, येऊ का जाऊन?" आणि पुढच्या दहा-बारा दिवसांत त्याच माणसाकडून एकतर तिकीट तपासनीसानं दिलेली दंडाची पावती येते नाहीतर एटीएमची स्लिप, खाली रडका इमोजी. मी तीनदा जाऊन आलोय, पहिल्या वेळी या सगळ्या चुका मीसुद्धा केल्यात, त्यामुळे शहाणपणा शिकवायचा हेतू नाहीये, पण तीच तीच उत्तरं टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. शहर किती सुंदर वगैरे तुम्हाला रीलवर दिसतंच, ते इथे नाही.

हिशोब धरलाय तो गुरुवारी रात्री पोचायचं आणि रविवारी दुपारी निघायचं असा. शुक्रवारची सुट्टी मिळत नसेल तर लेक्चर बुडवा किंवा ट्रिप पुढे ढकला, का ते टप्पा ३ मध्ये कळेल.

## टप्पा १: तारीख आणि प्रवास

सगळ्यात आधी तारीख. २० ऑगस्ट हा त्यांचा राष्ट्रीय दिवस, नदीवर आतषबाजी असते आणि हॉस्टेलचे रेट डोळे पांढरे करतात. ऑगस्टमध्येच सिगेत नावाचा मोठा संगीत फेस्टिव्हल असतो, उन्हाळ्यात एका वीकेंडला फॉर्म्युला वनची रेस असते. या तीन भानगडी आणि थर्टी फर्स्ट सोडून बाकी कधीही जा, एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात चांगलं. डिसेंबरमध्ये ख्रिसमस मार्केट असतं हे खरं, पण सूर्य चारच्या आत मावळतो, म्हणजे बाहेर फिरायचा दिवस जवळपास अर्धाच मिळतो हे धरून चाला.

व्हिएन्नाहून रेलजेट ट्रेननं २ तास ४० मिनिटांच्या आसपास लागतात, म्युनिकहून थेट ट्रेन आहे पण सात तास बसावं लागतं. स्वस्त विमान घेणार असाल तर दोन गोष्टी बघा. एक म्हणजे फुकटात नेता येणाऱ्या बॅगेचं माप, तुमची कॉलेजची सॅक ठासून भरली की त्यात बसत नाही. आणि दुसरी, जी लोकांना माहीतच नसते, काही स्वस्त कंपन्यांमध्ये युरोपीय पासपोर्ट नसलेल्यांना आधी काउंटरवर जाऊन कागद दाखवून शिक्का घ्यावा लागतो, मोबाइलमध्ये बोर्डिंग पास आहे म्हणून थेट गेटवर गेलात तर परत पाठवतात.

जपून: बुडापेस्टमध्ये तीन मोठी रेल्वे स्टेशनं आहेत: केलेती, न्युगाती आणि देली. नावांचा अर्थ पूर्वेचं, पश्चिमेचं आणि दक्षिणेचं, पण दिशेवरून अंदाज बांधू नका, पश्चिमेला व्हिएन्नाकडे जाणारी रेलजेट चक्क पूर्वेच्या केलेतीहून सुटते. बस असेल तर बहुतेक वेळा नेपलिगेतचा स्टँड. तिकिटावर काय लिहिलंय ते वाचा आणि परतीचं वेगळं वाचा.

भारतातून टुरिस्ट व्हिसावर येणाऱ्यांसाठी एकच सूचना. व्हिसा सिंगल एन्ट्री असेल तर "इथून बेलग्रेड जवळच आहे" या मोहात पडू नका, सर्बिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत नाही, एकदा तिकडे गेलात की परत आत येता येणार नाही.

## टप्पा २: राहायचं कुठे

शहर नदीनं दोन भागांत कापलंय, बुडा म्हणजे टेकड्यांची बाजू आणि पेश्त म्हणजे सपाट. राहायचं पेश्तमध्ये. सगळे जण सातव्या वॉर्डात हॉस्टेल घेतात कारण सगळे बार तिथेच, आणि मग पहाटे तीनपर्यंत खिडकीखाली बॅचलर पार्टीवाले ओरडतात म्हणून कपाळाला हात लावतात. तुम्हाला झोप हवी असेल तर पाचवा, सहावा किंवा नवव्याचा काल्विन तेर या चौकाजवळचा भाग बघा, नाहीतर सातव्यातच पण आतल्या चौकाकडे तोंड असलेली खोली मागा. तिथल्या जुन्या इमारती आपल्या वाड्यासारख्या, मधे चौक आणि भोवती गॅलऱ्या, रस्त्याकडची खोली आणि चौकाकडची खोली यात झोपेचा जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

पत्ता वाचायची एक युक्ती. पिनकोड चार आकडी असतो, पहिला १ म्हणजे बुडापेस्ट आणि मधले दोन आकडे म्हणजे वॉर्ड. १०७५ असेल तर सातवा, ११३७ असेल तर तेरावा. एकाच नावाची गल्ली शहरात चार ठिकाणी असू शकते, आमच्यातला एक जण नुसतं गल्लीचं नाव मॅपमध्ये टाकून रात्री साडेअकराला शहराच्या दुसऱ्या टोकाला एका बंद गॅरेजसमोर उभा होता.

तपासा: बुकिंगच्या रकमेत टुरिस्ट टॅक्स धरलाय का? बऱ्याच ठिकाणी तो रिसेप्शनवर वेगळा घेतात. आणि हॉस्टेलचा गेट कोड किंवा बेल नंबर आधीच मेसेज करून मागा, बाहेर बोर्ड असतोच असं नाही, दारावर नुसती बटणांची पट्टी असते.

## टप्पा ३: फक्त दोनच गोष्टी आधी बुक करा

पोरं वीस गोष्टी सेव्ह करतात आणि बुक एकही करत नाहीत. आधी बुक करायच्या दोनच, पार्लमेंटची टूर आणि बाथ, म्हणजे गरम खनिज पाण्याचे सार्वजनिक तलाव. बाकी सगळं जागेवर जमतं.

पार्लमेंटमध्ये एकट्यानं शिरता येत नाही, भाषेनुसार ठरलेल्या वेळेची गाइडेड टूर असते, साधारण पाऊण तासाची. इंग्रजीची टूर वीकेंडला आधीच फुल होते, म्हणून तारीख ठरली की लगेच बघा. तिकिटाचे दोन दर असतात, युरोपीय नागरिकांना स्वस्त आणि बाकीच्यांना जवळपास दुप्पट. इथेच आपले लोक हुशारी करतात, "माझ्याकडे जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड आहे" म्हणून स्वस्तातलं घेतात. रेसिडेन्स कार्ड म्हणजे नागरिकत्व नाही बाबांनो. दारात पासपोर्ट मागितला की तोंड बघत बसावं लागतं, मागे रांग असते आणि टूर कुणासाठी थांबत नाही.

बाथचं तिकीट शुक्रवारचं घ्या, सकाळचं. शनिवार-रविवारी गर्दी कुंभमेळ्याची. कुठला बाथ हे टप्पा ८ मध्ये, बुक करायच्या आधी ते वाचून या.

## टप्पा ४: बॅग

मूळ पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड, दोन्ही. हॉस्टेलवाल्याला मशीनवर कागद स्कॅन करावाच लागतो, तो तिथला नियम आहे, मोबाइलमधला फोटो चालत नाही.

बाकी आंघोळीच्या चपला, पटकन वाळणारा टॉवेल, स्विमिंगचा पोशाख, ओल्या कपड्यांना प्लास्टिकची पिशवी, पाण्याची बाटली. नळाचं पाणी बिनधास्त प्या. बूट चांगले घाला, बुडा बाजूला चढ आहे आणि दगडी रस्ते आहेत, माझ्या एका मैत्रिणीनं नवे कोरे बूट घातले आणि दुसऱ्या दिवशी स्लिपरवर पार्लमेंट बघितलं.

जर्मन सिम असेल तर डेटा तिथे चालतो, वेगळं काही नको.

## टप्पा ५: पैसे

हंगेरी युरोपियन युनियनमध्ये आहे पण चलन युरो नाही, फोरिंट आहे. १ युरोला किती फोरिंट हे बदलत राहतं, निघायच्या आधी बघून घ्या. रुपयात कळायला सोपी पद्धत, फोरिंटला चारानं भागा. १,२०० फोरिंटचा लांगोश (भटुऱ्यासारखा तळलेला प्रकार) म्हणजे साधारण ३०० रुपये. अगदी पैशाला पैसा जुळत नाही पण डोक्यात अंदाज बसतो आणि २०,००० ची नोट बघून छाती धडधडायची थांबते.

क्रम असा ठेवा.

१. घरून निघताना युरो बदलून नेऊ नका आणि एअरपोर्टवर तर अजिबात नको. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, अगदी छोट्या दुकानातही.

२. थोडी कॅश लागतेच, टॉयलेटला, बाजारात, कुठल्यातरी ठेल्यावर. १०,००० फोरिंट दोन-तीन दिवसांना पुरतात. ती काढायची खऱ्या बँकेच्या शाखेला लागून असलेल्या एटीएममधून. टुरिस्ट भागात दर वीस पावलांवर जी सुटी, चमकदार मशीनं भिंतीत बसवलेली असतात त्यातून नाही.

३. मशीन विचारतं, "तुमच्या खात्यातून युरोत कापू का?" आणि हिरवं मोठं बटण त्याच पर्यायाला दिलेलं असतं. नाही म्हणा. दुकानातल्या कार्ड मशीनवरही हाच प्रश्न येतो, तिथेही फोरिंटच निवडा. युरो निवडलं की रेट ते मशीन ठरवतं आणि तो कायम तुमच्या विरुद्ध असतो. काही मशीनं तर नाही म्हटल्यावर "नक्की का? व्यवहार चालू ठेवायचा का?" असं घाबरवल्यासारखं विचारतात, तेव्हा पैसे निघणार नाहीत असं वाटतं, पण निघतात.

४. स्क्रीनवर आधीच मोठ्या रकमा दिलेल्या असतात, १,००,००० वगैरे. घाईत पहिलं बटण दाबू नका, "इतर रक्कम" शोधा. स्लिपचे जे फोटो ग्रुपवर येतात ते बहुतेक याच बटणाचे.

जपून: हे माझ्यासोबत झालंय. एका छोट्या खानावळीत बिल झालं ६,४०० फोरिंट, मी १०,००० ची नोट वेटरच्या हातात दिली आणि नवीन शिकलेला शब्द मिरवायला हसत म्हटलं, "कोसोनोम." तोही हसला, मान तुकवली आणि गेला. मी दहा मिनिटं सुट्ट्यांची वाट बघतोय. तिथे पैसे देताना थँक्यू म्हटलं की त्याचा अर्थ "राहू दे बाकीचे" असा होतो! ३,६०० फोरिंट टिप देऊन आलो, आपले ९०० रुपये. आभार मानायचे ते सुट्टे हातात पडल्यावर.

टिपेचं अजून एक. बिलावर सेर्विझदीय असा शब्द आणि १२ किंवा १५ टक्के दिसले तर सर्व्हिस चार्ज आधीच लावलाय, वर वेगळी टिप द्यायची गरज नाही.

## टप्पा ६: उतरल्यावर हॉस्टेलपर्यंत

एअरपोर्टहून गावात जायला दोन बस. १००ई थेट जाते, काल्विन तेर, आस्तोरिया आणि शेवटी देआक तेर. तिला वेगळं, महाग तिकीट लागतं, साधं तिकीट चालत नाही आणि २४ किंवा ७२ तासांचा नेहमीचा पाससुद्धा चालत नाही. "पास आहे की" म्हणून चढणारे दर फेरीला चार जण असतात. दुसरी २००ई, ती साध्या तिकिटावर चालते पण कोबान्या-किशपेश्तला उतरून एम३ मेट्रो धरावी लागते. सामान कमी आणि वेळ असेल तर २००ई, रात्री दमून उतरलात तर सरळ १००ई. टॅक्सीवाला अरायव्हलमध्ये स्वतःहून विचारायला आला तर नाही म्हणा आणि चालत राहा.

हंगेरियन वाचायचं दोन मिनिटांत शिकून घ्या, थांबे ऐकताना फार उपयोग होतो. एस लिहिलेलं असेल तर उच्चार श. एस-झेड जोडून असेल तर स. सी-एस म्हणजे च. म्हणूनच ते लोक बुडापेस्ट म्हणत नाहीत, बुदापेश्त म्हणतात. उत्सा म्हणजे गल्ली, तेर म्हणजे चौक, हीद म्हणजे पूल. घोषणेत "कोवेत्केझो" ऐकू आलं की पुढचा थांबा सांगतायत, "वेगाल्लोमाश" ऐकू आलं की शेवटचा थांबा आला, उतरा.

## टप्पा ७: तिकीट पंच करणे, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त दंड बसतो

बुडापेस्टच्या मेट्रोला गेट नाहीत. आत जायला कुणी अडवत नाही, आणि यातच फसगत होते. तिकीट विकत घेतलं म्हणजे काम झालं असं आपल्याला वाटतं. तिथे तिकीट घेणं आणि तिकीट चालू करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जर्मनीत काही शहरांत आहे तसंच.

१. आधी ठरवा, सुटी तिकिटं की पास. अडीच दिवसांसाठी ७२ तासांचा पास घ्या. तो २४ तासांच्या दोन पासांच्या जवळपास पडतो आणि पंच करायची कटकट राहत नाही. जांभळ्या मशीनवर मिळतो, इंग्रजीत पर्याय असतो. पास सुरू कधी होणार ती वेळ मशीन विचारतं, रात्री पोचून झोपणार असाल तर दुसऱ्या दिवशी सकाळची टाका.

२. सुटं कागदी तिकीट असेल तर मेट्रोत सरकता जिना सुरू होण्याआधी जी मशीनं खांबासारखी उभी असतात त्यात घालायचं. प्लॅटफॉर्मवर मशीन नसतं, खाली गेलात की उशीर झाला. ट्राम आणि बसमध्ये मशीन डब्याच्या आत असतं. जुनी नारिंगी मशीनं असतील तर तिकीट वरच्या फटीत घालून काळा दांडा स्वतःकडे खेचायचा, आवाज आला पाहिजे आणि कागदाला भोकं पडली पाहिजेत.

३. बुडापेस्टगो या तिथल्या बस-मेट्रोच्या ॲपवर तिकीट घेतलं असेल तर चढताना दारावर किंवा मेट्रोच्या तोंडाशी लावलेला क्यूआर कोड ॲपमधून स्कॅन करायचा. नुसतं तिकीट दाखवून चालत नाही, आणि तपासनीस समोर दिसल्यावर स्कॅन केलं तर त्याला वेळ दिसते.

४. साधं सुटं तिकीट एका प्रवासाचं. मेट्रोतून मेट्रोत बदलता येतं, पण मेट्रोतून ट्राम किंवा ट्राममधून बस केलीत की नवीन तिकीट.

आता एम१ बद्दल वेगळं सांगतो. ही जुनी छोटी पिवळी मेट्रो रस्त्याच्या अगदी खाली, वीस-पंचवीस पायऱ्यांवर. हिच्या बहुतेक स्टेशनांवर दोन दिशांचे जिने रस्त्याच्या दोन वेगळ्या बाजूंना आहेत आणि आतून पलीकडे जायला रस्ता नाही. ऑपेराच्या स्टेशनवर मी तिकीट पंच करून रुबाबात खाली उतरलो, समोर रुळांच्या पलीकडे माझी गाडी उभी, मधे दोन रूळ. परत वर आलो, रस्ता क्रॉस केला, पलीकडून खाली उतरायला लागलो तर दंडावर पट्टी बांधलेले दोघे तपासनीस उभे. त्यातल्या बाईंनी तिकीट हातात घेतलं, उजेडात धरलं, वेळ वाचली, मग माझ्याकडे बघितलं. दंड नाही केला, पण दुसरं तिकीट पंच करायला लावलं आणि तोपर्यंत गाडी गेली. म्हणून उतरायच्या आधी जिन्यावरची पाटी वाचा. बाथला जायचं असेल तर "मेक्सिकोइ उत" दिशेची बाजू, गावात परतताना "वोरोश्मार्ती तेर".

तपासा: तपासनीस बाहेर पडतानाही उभे असतात. स्टेशनच्या बाहेर पाय पडेपर्यंत तिकीट फेकू नका. आणि सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहा, एम२-एम३ चे जिने फार वेगात पळतात, पहिल्या वेळी खरंच तोल जातो.

## टप्पा ८: शुक्रवार, बाथ

दोन नावं लक्षात ठेवा. सेचेन्यी म्हणजे रीलवाला, पिवळा, मोठा, उघड्यावरचे तीन तलाव, एम१ चं स्टेशनच त्याच्या नावाचं. पहिल्यांदा जाताय तर हाच. रुदाश बुडा बाजूला आहे, तिथला जुना तुर्की घुमटाखालचा भाग आठवड्यात पुरुषांचे दिवस आणि बायकांचे दिवस असा वाटलेला, सगळ्यांना एकत्र मुख्यतः वीकेंडला. मिक्स ग्रुपनं वार न बघता तिकडे गेलात तर निम्मे बाहेर राहतील. आणि गेलेर्त बाथ दुरुस्तीसाठी १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद आहे, जुने व्हिडिओ बघून तिथे जाऊ नका.

सेचेन्यीचं तिकीट १०,००० फोरिंटच्या वर जातं, म्हणजे फुकट घालवायला परवडत नाही. क्रम:

१. सकाळी उघडताना पोचा. साडेदहानंतर टूर ग्रुप येतात.

२. तिकिटात लॉकर की केबिन हे आधी ठरवलेलं असतं. लॉकर म्हणजे शाळेसारखं सामाईक चेंजिंग रूम, केबिन म्हणजे स्वतःची छोटी खोली. दोघं-तिघं असाल तर एक केबिन आणि बाकी लॉकर घ्या, सगळ्यांना आळीपाळीनं कपडे बदलता येतात.

३. मनगटाला घड्याळासारखा पट्टा देतात, तीच किल्ली. लॉकरचा नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून नका ठेवू, मोबाइल त्याच लॉकरमध्ये राहतो. (हो, हे आम्ही केलंय.) पाठ करा.

४. आत जाण्याआधी शॉवर. कॉटनची हाफ पँट आणि टी-शर्ट घालून पाण्यात उतरू नका, स्विमिंगचेच कपडे लागतात. चांदीची साखळी, अंगठी काढून ठेवा, खनिजांच्या पाण्यानं काळी पडू शकते.

५. बाहेरचे तीन तलाव दिसतात सारखे पण कामं वेगळी. गरम, साधारण ३८ अंशांचा, तो बसायचा. मधला लांब, त्याहून थंड, तो पोहायचा, त्यात टोपीशिवाय उतरू देत नाहीत. तिसऱ्यात गोल फिरवणारा प्रवाह आहे, लहान पोरांसारखी मजा येते.

६. गरम पाण्यात सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. बाहेर या, पाणी प्या, परत जा. उपाशीपोटी जाऊन अर्धा तास डुंबलात तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आमच्यातला एक पैलवान गडी असाच कठड्यावर बसून राहिला होता.

हिवाळ्यात चपला आणि टॉवेल अगदी कडेला ठेवा, तलावातून दारापर्यंतची वीस पावलं उणे तापमानात अनवाणी फार लांब वाटतात.

जपून: बाथनंतर अंग पार ढिलं पडतं. त्या दुपारी किल्ल्याची टेकडी ठेवू नका. शेजारच्या बागेत फिरा, खा, झोपा, रात्रीसाठी ताकद ठेवा.

## टप्पा ९: शनिवार, पायी

सकाळी साडेसातला देआक तेरहून १६ नंबरची बस धरा, वर टेकडीवर सोडते. फ्युनिक्युलरची, म्हणजे टेकडीवर ओढून नेणाऱ्या छोट्या रेल्वेची, रांग आणि पैसे दोन्ही वाचतात, ती पासात येत नाही. हालासबाश्त्याचे म्हणजे कोळ्यांच्या बुरुजाचे खालचे सज्जे फुकट आहेत, वरच्या मजल्यालाच तिकीट, आणि फोटो खालूनही तोच येतो. आठनंतर तिथे उभं राहायला जागा नसते.

मग राजवाड्याच्या बाजूनं खाली उतरा, साखळी पूल चालत ओलांडा आणि पेश्तच्या काठानं पार्लमेंटकडे चला. वाटेत नदीच्या काठावर लोखंडी बुटांच्या जोड्या दिसतील, ६० जोड्या. १९४४-४५ मध्ये ज्यूंना तिथे उभं करून गोळ्या घातल्या आणि नदीत ढकललं, त्याआधी बूट काढायला लावले, त्यांचं स्मारक आहे. त्यात पाय घालून फोटो काढणारे लोक मी पाहिलेत, त्यात आपलेही होते. नका करू.

पार्लमेंटची टूर साडेअकरा-बाराची घेतलेली असेल तर हे सगळं आरामात बसतं. सुरक्षा तपासणी असते, वीस मिनिटं आधी पोचा. टूर झाली की तिथूनच २ नंबरची ट्राम घ्या, नदीकाठानं जाते, डाव्या-उजव्या बाजूचा विचार करायचा तर नदीकडची खिडकी. फोवाम तेरला उतरा, समोर मोठी मंडई. शनिवारी ती लवकर मिटते, म्हणून रेंगाळू नका.

संध्याकाळी पार्लमेंटचा तो सोनेरी फोटो हवा असतो सगळ्यांना. तो पार्लमेंटसमोर उभं राहून येत नाही. एम२ नं नदीखालून एकच स्टेशन पलीकडे, बात्यानी तेर, तिथल्या काठावरून येतो. दिवे लागायच्या पंधरा मिनिटं आधी पोचा, आभाळ निळं असतानाच.

## टप्पा १०: खाणं, खासकरून शाकाहारी मंडळींसाठी

गुलाश म्हणजे भाजी नाही, बीफचं सूप आहे. हे शब्द ओळखून ठेवा: मार्हा म्हणजे बीफ, शेर्तेश म्हणजे डुक्कर, चिर्के म्हणजे चिकन, हुश म्हणजे कुठलंही मांस, सालोन्ना म्हणजे बेकन आणि झीर म्हणजे चरबी. शेवटचे दोन खरे घातक. तुरोश चुसा नावाची पनीर घातलेली शेवयांची डिश पाहून आपण खूश होतो आणि वर सालोन्नाचे तुकडे असतात. लांगोश म्हणजे भटुऱ्याचा मोठा भाऊ, वर लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज, पण काही ठिकाणी चरबीत तळतात, कडक शाकाहारी असाल तर विचारा.

बिनधोक म्हणजे राँतोत शाय्त, ब्रेडक्रम्समध्ये तळलेलं चीज. आणि फोझेलेक, भाज्यांची दाटसर आमटी-भाजी, पालक, मसूर, बटाटा असे प्रकार. "हुश नेल्क्युल", मांसाशिवाय, एवढं म्हणायचं. मसूरचा फोझेलेक आणि पाव खाताना माझ्या रूममेटला आईची आठवण आली, मीठ मात्र वरून घ्यावं लागलं.

## टप्पा ११: रात्र

रुइन बार, म्हणजे जुन्या पडक्या इमारतींत थाटलेले बार, बघायचेत तर सिंप्ला केर्तला संध्याकाळी पाच-सहाला जा, तेव्हा आतल्या खोल्या, भंगारातल्या गाड्या, टबांची सोफासेटं नीट बघता येतात. रात्री अकराला फक्त पुढच्याची पाठ दिसते. ओळखपत्र जवळ ठेवा. बाटली उघडून रस्त्यावर फिरू नका, आतल्या बहुतेक वॉर्डांत त्याला बंदी आहे.

जपून, मुलांसाठी खास: वात्सी उत्साच्या आसपास दोन छान मुली "जवळ चांगला बार कुठे आहे?" म्हणून विचारतील आणि मग स्वतःच एक सुचवतील. तिथे मेन्यूवर दर नसतात, बिल लाख फोरिंटच्या घरात येतं आणि दारात दांडगा माणूस उभा असतो. ही जुनी ठरलेली युक्ती आहे, तुमचं व्यक्तिमत्त्व अचानक खुललेलं नाहीये.

मेट्रो साडेअकराच्या सुमाराला संपते. त्यानंतर ६ नंबरची ट्राम मोठ्या गोल रस्त्यावरून रात्रभर चालते, आणि ९ नं सुरू होणाऱ्या तीन आकडी नंबरच्या नाइट बस असतात. पास त्यात चालतो. टॅक्सी हवीच तर ॲपवरून, बारबाहेर उभी असलेली नाही. अडचण आली तर ११२.

## टप्पा १२: निघायचा दिवस

रविवारी काही नवीन ठेवू नका. सकाळी सिंप्लामध्येच शेतकरी बाजार भरतो, तिथे नाश्ता करा आणि सामान घ्या. एअरपोर्टला जाताना १००ई चं तिकीट पुन्हा वेगळंच लागतं, आणि रविवारी दुपारी देआक तेरला तिची रांग एवढी असते की पहिली बस हमखास सुटते, तेवढा वेळ धरा. ट्रेन असेल तर केलेतीला प्लॅटफॉर्म सुटायच्या थोडा वेळ आधीच बोर्डावर लागतो.

उरलेल्या नोटा खर्च करा, नाणी परत कुणी बदलून देत नाही. स्टेशनजवळच्या दुकानातल्या फ्रीजमध्ये तुरो रुदी नावाची लाल ठिपक्यांच्या कागदातली कांडी मिळते, बाहेर चॉकलेट आणि आत गोड चक्क्यासारखं सारण. सगळ्या नाण्यांच्या मिळतील तेवढ्या घ्या, पण बॅगेत टाकू नका, गरम झाली की तिचा लगदा होतो, प्लॅटफॉर्मवरच संपवा.